व्यायामानंतरची संप्रेरके मोजण्यासाठी लाळ पुरते का, की रक्तच घ्यावे लागते?

आपला प्रश्न असा आहे की, कबड्डीपटूंचे कॉर्टिसॉल (ताणात वाढणारे संप्रेरक) व टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत अधिक असणारे लैंगिक संप्रेरक) संध्याकाळच्या सरावापूर्वी आणि सरावानंतर मोजायचे असेल, तर लाळेचे नमुने पुरतील की रक्त घ्यावे लागेल. मी संप्रेरकांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. माझ्या मते मैदानावरच्या अभ्यासात कॉर्टिसॉलसाठी लाळच अधिक योग्य आहे. टेस्टोस्टेरॉनबाबत मी इतक्या खात्रीने होकार देणार नाही.

रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. पेशींपर्यंत पोहोचून काम करतो तो उरलेला थोडा मुक्त भाग, आणि लाळेत उतरतो तोही हाच. सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची, नेहमीची चाचणी मात्र दोन्ही भाग एकत्र मोजते. त्यामुळे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या खेळाडूच्या रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन वाढते आणि तिचे एकूण कॉर्टिसॉल बरेच जास्त दिसते, पण त्यावरून तिच्यावर ताण अधिक आहे असे म्हणता येत नाही. शिवाय सुई टोचण्याच्या धास्तीनेही कॉर्टिसॉल वाढू शकते. म्हणून रक्तच घ्यायचे ठरले, तर शिरेत कॅन्युला (बारीक नळी) बसवून खेळाडूला सुमारे अर्धा तास शांत बसू द्यावे आणि मगच पहिला नमुना घ्यावा. जोरदार व्यायामात रक्तातील द्रव भागही कमी होतो आणि ग्रंथीतून काहीही जास्त स्रवले नसताना आकडा वर जातो; त्यासाठी हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) मोजून डिल आणि कॉस्टिल या संशोधकांच्या १९७४ च्या सूत्राने दुरुस्ती करावी लागते.

टेस्टोस्टेरॉन लाळेत अत्यल्प असते, विशेषतः स्त्रियांच्या. हिरड्यांतून किंवा फुटलेल्या ओठातून रक्ताचा अंश मिसळला तरी निकाल बिघडतो, आणि कबड्डीत तोंडाला मार लागणे नवे नाही. कापसाच्या बोळ्यावर लाळ टिपून घेतली, तर कापसामुळेही आकडा चुकीचा येतो. म्हणून खेळाडूला मान खाली झुकवून लाळ आपोआप नळीत गळू द्यायला सांगावे. लालसर दिसणारा नमुना बाजूला ठेवावा, आणि शक्य असेल तर काही खेळाडूंचे रक्तही घेऊन दोन्ही निकाल ताडून पाहावेत. पुढे वृद्धी संप्रेरक किंवा ॲड्रेनलिन मोजायचे मनात असेल, तर लाळेचा विचार सोडून द्यावा.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती वेळेची. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. म्हणजे संध्याकाळी सहा ते आठच्या सरावात, खेळाडूने काहीही केले नसते तरी, दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमीच आला असता. मध्यम व्यायामाने झालेली वाढ या उतारात झाकली जाते, आणि हलक्या सरावानंतर तर कॉर्टिसॉल घटले असे दिसून भलताच निष्कर्ष निघतो. त्यामुळे त्याच खेळाडूंचे, त्याच वेळांचे, पण विश्रांतीच्या दिवसाचे नमुने घेतल्याशिवाय हा अभ्यास सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खेळाडूंची संख्या थोडी कमी ठेवावी लागली तरी चालेल, पण हा दिवस वगळू नये.

सराव संपताच एकच नमुना घेणेही पुरेसे नाही, कारण कॉर्टिसॉलचा कळस बहुधा व्यायाम थांबल्यानंतर येतो आणि रक्तातील बदल लाळेत दिसायला आणखी काही मिनिटे लागतात. लगेच, पंधरा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी असे तीन नमुने घ्यावेत. नमुन्यापूर्वी तासभर खाणे, चहा व दात घासणे टाळावे. श्वास टिकवून सतत ‘कबड्डी कबड्डी’ म्हटल्याने तोंड कोरडे पडते, म्हणून खेळाडू पाणी मागतील; ते द्यावे, पण लाळ पातळ होऊ नये यासाठी त्यानंतर दहा मिनिटे थांबावे. नळ्या लगेच बर्फात ठेवून त्याच दिवशी उणे २० अंश सेल्सिअसला गोठवाव्यात, आणि एका खेळाडूचे सर्व नमुने प्रयोगशाळेला एकाच तुकडीत तपासायला सांगावे.