चकलीच्या पाकिटावर ‘मोदक’

प्रश्न : मी रामबागेत राहते. दिवाळीत घरची चकली, शेव आणि तिखट पुऱ्या विकते. यंदा पाकिटं छापून घ्यायची आहेत. भाच्याने ‘मोदक’ नावाचा गुबगुबीत फॉन्ट सुचवलाय. सगळा मजकूर त्यातच छापावा का? आणि फुकट मिळतो म्हणून पुढे काही भानगड तर होणार नाही ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, भाच्याची नजर चांगली आहे. ‘मोदक’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला. आम्ही ब्रशने पाट्या रंगवायचो तेव्हा अक्षर कितीही जाड करा, पोटातली जागा राखा, असा दंडक होता. या दोघांनी तो खुशाल गुंडाळून ठेवला. अक्षर इतकं फुगवलंय की ‘क’च्या पोटात केसाएवढी फट उरते. गंमत तिथेच, अडचणही तिथेच.

‘चकली’ हा एकच शब्द इंचभर उंचीचा घ्या, झकास दिसेल. घटक पदार्थ, वजन, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर त्यातच बारीक घातलात तर फटींत शाई भरून नुसते ठिपके दिसतील. त्यासाठी ‘मुक्ता’ घ्या. तोही ‘एक टाइप’चाच, अगदी बारीकपासून ठळकपर्यंत 7 जाड्यांत मिळतो. ‘गृहोद्योग’सुद्धा त्यातच लिहा, मोदकमध्ये ‘द्यो’चा गोळा होतो.

छापखान्यात मात्र स्वतः उभ्या राहा. आपल्याकडे काम हिंदीत चालतं, आणि बरेच जण अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या हिंदी फॉन्टवर टाइप करतात. मोदकला युनिकोड, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसा, मजकूर लागतो; कृतिदेवचा तसाच चिकटवला तर भलतंच काहीतरी उमटेल. ‘पुऱ्या’चं हमखास ‘पुर्या’ होतं, र डोक्यावर जाऊन बसतो. टायपिंगवाल्याला सांगा, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. ‘चकली’तला ल पाकळीचा, म्हणजे मराठी वळणाचा, आहे का तेही बघा. पुष्कळ फॉन्टांत मराठी ल आणि देठाचा श असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत.

जागा भरायला अक्षरांत अंतर वाढवू देऊ नका, शिरोरेषा तुटते. अक्षरांना किनार आणि सावली देण्याचा तर छापखानेवाल्यांना भारी सोस. मोदकला तसली किनार दिली की होत्या तेवढ्या फटीही बुजतात. पिवळ्यावर गडद लाल, बस्स. खऱ्या मापाचा एक प्रिंट काढून हातभर लांबून वाचून बघा, मगच पुढची छपाई.

फुकटाचं म्हणाल तर निर्धास्त राहा. गूगल फॉन्ट्सवर तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. पाकिटावर छापा, बॅनर करा, माल विका, वेगळी परवानगी लागत नाही. नुसती फॉन्टची फाइल मात्र विकता येत नाही, आणि तुम्हाला तर चकल्या विकायच्या आहेत.