पहाटे तीनची जाग आणि डिसेंबरची वाट

"ताई, मी ४८ वर्षांची. इंग्लंडमध्ये येऊन एकोणीस वर्षं झाली. पहाटे तीनला जाग येते, गाऊन घामाने भिजलेला असतो, छातीत धडधडतं. पाळी कधी दोन महिन्यांनी, तर कधी पंधरा दिवसांत. सकाळी मुलांवर ओरडते आणि मग ऑफिसच्या बाथरूममध्ये रडते. हे म्हणतात, वयाचं आहे, होईल ठीक. डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार आहोत, तेव्हा सगळ्या तपासण्या करून घेईन. तोवर काय करू?"

डिसेंबरची वाट बघू नका.

"भारतात गेल्यावर करू" हे मीही वर्षानुवर्षं केलंय. तीन आठवड्यांत लग्न, मुंज, दातांचा डॉक्टर, साड्यांचे फॉल-पिको, आणि त्यातच एका सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं. रिपोर्टांची पिशवी परत येऊन कपाटावर चढते. इथल्या जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, त्यातलं अक्षरही माहीत नसतं. बरोबर येतात ती औषधं. एका मैत्रिणीने व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी दोन वर्षं दर आठवड्याला घेतली, कारण थांब असं कुणी सांगितलंच नाही. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. इथे साधारण सल्ला रोज १० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ४०० युनिटचा आहे. आपल्या सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून आपण ते वर्षभर घ्यावं. तपासणीत फार कमी निघालं, तर मोठा डोस डॉक्टर ठरवतील.

तुम्ही लिहिलंय ते बहुतेक पाळी जाण्याआधीच्या काळाचं आहे. हा काळ काही वर्षं चालतो. वय ४५च्या पुढे असेल, तर लक्षणांवरूनच त्याचं निदान होतं, त्यासाठी हार्मोन्सची महागडी तपासणी सहसा लागत नाही. पण धडधड आहे, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) बघायला सांगा. एचआरटीबद्दलही, म्हणजे कमी झालेले हार्मोन्स औषधाने भरून काढण्याबद्दलही, विचारा. नको असेल किंवा चालणार नसेल, तर दुसरे उपाय आहेत. सोसत बसणं हा उपाय नव्हे.

पोटाच्या घेराकडे लक्ष असू द्या. आपल्याकडच्या बायकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. गरोदरपणी साखर वाढली असेल, तर जीपीला ते आवर्जून सांगा.

आता जेवणाबद्दल. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर साडेनऊला ओट्याशी उभ्यानेच उरलेला भात आणि मुलांच्या ताटातली पोळी खायची, हे जेवण नाही. सातला सगळ्यांबरोबर बसा. मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणीची भाकरी, वाटीभर दही घ्या. जेवल्यावर कोट चढवून वीस मिनिटं चाला, अंधार असला तरी. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा, हाडांना त्याची गरज असते. पाण्याच्या भरलेल्या बाटल्याही चालतील.

आणि तपासणीला बोलावणारी ती पत्रं! इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणी असते. गर्भाशयमुखाची तपासणी २५ ते ६४ वयात. स्तनांची पन्नाशीनंतर, दर तीन वर्षांनी. ही पाकिटं पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत जाताना मी पाहिली आहेत. लाज वाटत असेल तर बाई नर्स मागा, त्यात काही वावगं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी: पाळी वर्षभर बंद होऊन पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर जरी, तरी त्याच आठवड्यात जीपीला गाठा. आणि छातीत दुखलं, श्वास लागला किंवा चक्कर येऊन पडलात, तर ९९९ला, इथल्या तातडीच्या नंबरला, फोन करा.

उद्या सकाळी आठला सर्जरीला, म्हणजे जीपीच्या दवाखान्याला, फोन लावा. रांग असेल, पण धरून ठेवा. आज रात्रीच पाळीच्या तारखा, घाम, धडधड, झोप हे सगळं कागदावर मराठीत लिहून काढा. तिथे बोलताना शब्द अडतील असं वाटलं तर मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. मधे बोलायला नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही, दुभाष्यालाच सांगा. त्यांच्यासमोर तुम्ही अर्धंच बोलाल.