दहावीला ५८ टक्के, तरी डॉक्टर व्हायचंय?

दहावीच्या टक्क्यांनी दार बंद झालं, हे आधी मनातून काढ. एमबीबीएसची गुणवत्ता यादी 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के हवेतच. मीही पहिल्यांदा कमी पडलो, मग वर्षभर कुडाळला घरीच अभ्यास करून पुन्हा बसलो.

सुरुवात जीवशास्त्रापासून कर. ७२० पैकी ३६० गुण तिथे आहेत. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं ओळन् ओळ वाच, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा. पुस्तकांचा ढीग घेऊ नकोस, मी तिथेच चार महिने घालवले.

बाकी नेहमीच्या चुका:
- भौतिकशास्त्र ऑप्शनला टाकणं. रोज दहा गणितं सोडव, थोडीच पण रोज.
- अंदाजाने गोळे रंगवणं. चुकलं की एक गुण जातो.
- लातूर किंवा राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासशिवाय जमत नाही असं समजून घरच्यांना कर्जात घालणं.

डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, आत्ताच काढून ठेव, निकालानंतर धावपळ होते. ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पसंतीक्रम कसा भरायचा ते निकालानंतर सांगेन.