टाकीत इंधन असताना विमान जयपूरला का वळवले?

प्रश्न : जानेवारीत पहाटेच्या विमानाने आम्ही इंदूरहून दिल्लीला निघालो होतो. दाट धुक्यामुळे विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिले आणि शेवटी जयपूरला उतरवले गेले. इंधन संपलेले नाही, असे कॅप्टननीच सांगितले होते. मग आणखी थोडे थांबायला काय हरकत होती? कंपन्या मुळातच इंधन कमी भरतात का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इंधन शिल्लक असतानाच वळायचे असते. प्रवासी जेट विमान निघते तेव्हा त्यात दिल्लीपर्यंतच्या प्रवासाचे इंधन असते, वारा किंवा मार्ग बदलल्यास लागेल म्हणून साधारणपणे त्याच्या ५ टक्के जादा असते, दिल्लीहून पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते असते आणि या सर्वांखाली, विमानतळावर १,५०० फूट उंचीवरून ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढा अंतिम राखीव साठा असतो. त्या साठ्याला हात न लावता उतरायचे, असेच नियोजन वैमानिकाला करावे लागते. त्यामुळे जयपूरपर्यंतचे इंधन आणि ही ३० मिनिटे एवढेच उरत आले, की दिल्लीवर थांबण्याची मुदत संपते; धुके आता विरळ होईल या आशेवर पुढे थांबणे म्हणजे जयपूरची वाट स्वतःच्या हाताने बंद करणे.

ही शिस्त फार मोठी किंमत मोजून आलेली आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ एक तासाहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले, पण आणीबाणी जाहीर केली नाही. विमान कोसळले आणि ७३ जणांचे प्राण गेले. आज यासाठी ठरावीक शब्द आहेत. यापुढे उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागू शकतो, अशी वेळ आली की वैमानिक ‘मिनिमम फ्युएल’ कळवतो, आणि उतरताना तो साठा पूर्ण राहणार नाही असे हिशेबाने दिसताच त्याला तीनदा ‘मेडे’ (आणीबाणीची हाक) म्हणून ‘फ्युएल’ म्हणावेच लागते. कॅप्टननी ती वेळ येऊच दिली नाही, याबद्दल आपण त्यांचे आभारच मानावेत, असे मला मनापासून वाटते.

कमी इंधन भरण्याची शंका मात्र बरोबर नाही. नियमाने ठरलेल्या इंधनाखाली कंपनीला जाता येत नाही, आणि धुक्याचा अंदाज असेल तर कॅप्टन त्याहून अधिक मागू शकतो. मात्र टाक्या काठोकाठ भरणे हाही उपाय नाही, कारण जादा इंधनाचे वजन वाहण्यातच दर तासाला त्यातले सुमारे ३ ते ४ टक्के जळून जाते, शिवाय उतरतानाच्या वजनालाही मर्यादा असते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए-३२० विमानाला हवेत इंधन सोडून हलके होण्याची सोय नाही.

उत्तर भारतातले धुके बहुधा पहाटे सर्वांत दाट असते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जायचे असेल, तर इंदूरहून दुपारचे विमान निवडावे.