साठच्या दशकात अमेरिकेतली गोरी तरुण मुलं खरंच वर्णद्वेषाविरुद्ध लढली, की सगळं हिप्पी फॅड होतं?

लढली. पण ज्यांचे फोटो आपण कॅलेंडरवर नि टी-शर्टवर बघतो, ती मुलं फारशी नव्हेत.

माझे वडील वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. 1972 साली दलित पँथर निघाली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. 'पँथर' हे नाव अमेरिकेतून आलं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलेय.

हिप्पींचं आधी सांगते. 1967 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात हजारो गोरी मुलं येऊन राहिली. खाडीपलीकडे ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी त्याआधीच, ऑक्टोबर 1966 मध्ये, काळ्या तरुणांची ब्लॅक पँथर पार्टी काढली होती. दोन्हीकडे व्हिएतनाम युद्धाविषयी चीड होती, पोलिसांविषयीही होती. पण हिप्पी मुलाने केस कापले की त्याला बापाच्या घराचं दार उघडं होतं. ओकलंडच्या मुलाला अशी सोय नव्हती. सगळ्यांना एका मापाने मोजणंही बरोबर नाही म्हणा. 1964 साली मिसिसिपीत काळ्या लोकांची मतदार नोंदणी करायला गेलेले अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे न्यूयॉर्कचे गोरे तरुण तिथल्याच जेम्स चेनीबरोबर मारले गेले. ते फॅड नव्हतं.

मला मात्र सगळ्यात मोठी गोष्ट शिकागोची वाटते आणि ती कुणी सांगत नाही.

शिकागोच्या अपटाऊन वस्तीत अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या मुलखातून पोट भरायला आलेले गरीब गोरे राहायचे. घरं पडकी, भाडं जबर, पोलीस जाता-येता पोरांना बडवणार. त्यांच्या तरुणांची संघटना होती यंग पेट्रियट्स. त्यांच्या जाकिटांवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा असायचा. 1968 च्या अखेरीस एका चर्चमधल्या सभेत ही पोरं आणि पँथरचा बॉब ली एकाच वेळी बोलायला आले. समोरचे सुशिक्षित, मध्यमवर्गीय गोरे श्रोते या खेडवळ पोरांवर तुटून पडले. त्यांची बाजू कुणाला पटली असेल, तर बॉब लीला! मग तो त्यांच्या वस्तीत जाऊन बसू लागला आणि पोलीस, भाडं, दवाखाना यांवर बोलू लागला. झेंड्यावरून त्यांना दारातूनच हाकललं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

यातूनच 1969 मध्ये पँथर, पेट्रियट्स आणि पोर्तो रिकोच्या मुलांची यंग लॉर्ड्स अशी तिघांची 'रेनबो कोअ‍ॅलिशन' उभी राहिली. तिचा नेता होता इलिनॉय पँथरचा फ्रेड हॅम्प्टन, वय जेमतेम वीस. लहान मुलांना सकाळी शाळेआधी फुकट न्याहारी आणि फुकट दवाखाने ही यांची रोजची कामं. हळूहळू पेट्रियट्सच्या जाकिटांवरचा तो झेंडाही गेला. आपल्याकडे 1973 च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया सगळे घेतले गेले. ते वाचताना मला हटकून हे शिकागो आठवतं.

सरकारला बंदुकांइतकीच भीती या एकीची वाटली, असं माझं ठाम मत आहे. एफबीआयने हॅम्प्टनच्या अगदी जवळ खबऱ्या पेरला होता. त्याने घराचा नकाशा काढून दिला, पलंग कुठे आहे त्यासकट. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पोलीस शिरले आणि हॅम्प्टन अंथरुणातच मारला गेला. मार्क क्लार्क हा दुसरा पँथरही गेला. हॅम्प्टनचं वय होतं एकवीस. शेजारी झोपलेल्या त्याच्या जोडीदाराचे दिवस भरत आले होते. मुलगा त्याच महिन्याच्या शेवटी जन्मला.

पँथर आतून धडाधड गोळ्या झाडत होते, असं सरकारी वकिलाने सांगितलं. वर्तमानपत्रात पुरावा म्हणून फोटो छापून आले, दाराला गोळ्यांची भोकं पडल्याचे. दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी घरात जाऊन पाहिलं, तर ती भोकं म्हणजे खिळ्यांची डोकी. पुढे चौकशीत निघालं की पोलिसांनी ऐंशीहून जास्त गोळ्या झाडल्या होत्या आणि पँथरकडून सुटली होती एक.

पोलीस त्या घराला सील न लावताच निघून गेले होते. पँथरनी दार उघडं ठेवलं आणि डिसेंबरच्या थंडीत वेस्ट मन्रो स्ट्रीटवर लोकांची रांग लागली. लोक एकेक करून आत जात होते, रक्ताने भिजलेली गादी आणि चाळण झालेल्या भिंती पाहून बाहेर पडत होते.