दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी हँग

प्रश्न: शेतातल्या टाकीची लेव्हल एसएमएसने कळवायला आर्डुइनो उनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) लावलाय. दोन दिवस मस्त चालतो, मग अर्धेच मेसेज येतात आणि शेवटी हँग, रिसेट मारला की परत चालू. सप्लाय बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर: सप्लायला उगाच बोल लावू नका, मला तरी संशय कोडमधल्या त्या स्ट्रिंगवर (मजकूर साठवणाऱ्या String वर) आहे, तुम्ही लूपमध्ये += करत मेसेज जोडत असणार. नेहमीच्या उनोत (आर३) रॅम सगळी मिळून २०४८ बाइट, त्यातच व्हेरिएबल, स्टॅक (फंक्शनची तात्पुरती जागा) आणि हीप (चालू असताना मागून घेतलेली जागा). स्ट्रिंग वाढली आणि शेजारी जागा नसली की ती हीपमध्ये दुसरीकडे जाते, जुनी जागा मोकळी होते पण तुकड्यातुकड्यात, म्हणजे एसटीत चार सीट रिकाम्या पण चारही वेगवेगळ्या बाकांवर, एकत्र बसायचं म्हटलं तर जागा नाही. आणि जागा नाही मिळाली तर ही बया एरर पण देत नाही, गुपचूप जोडायचंच सोडून देते! तुमचे अर्धे मेसेज तिथूनच.

सरळ ग्लोबल कॅर ॲरे (char, म्हणजे अक्षरांची ठरावीक मापाची रांग) घ्या, १६१ बाइटचा (इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून एक शून्य), आणि एसएनप्रिंटएफ (snprintf) या फंक्शनने त्यातच लिहा. उनोवर त्यात दशांश आकडा दिलात तर नुसतं प्रश्नचिन्ह छापेल, त्यासाठी आधी डीटीओएसटीआरएफ (dtostrf) वापरून आकड्याचा मजकूर करा. स्ट्रिंग सोडवतच नसेल तर निदान सेटअपमध्ये reserve() ने तिची जागा आधीच रिझर्व्ह करून ठेवा. सिरियल प्रिंटमधली वाक्यंही एफ मॅक्रोत, म्हणजे F("...") मध्ये, टाका, नाहीतर ती पण रॅम खातात.