१२८ की १२०? क्रेडिटं नंतर, आधी सेमिस्टर मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा. प्रवेश घेतलास तेव्हा पदवीला १२८ क्रेडिटं लागायची, आता विद्यापीठाने ती १२० केली. तिसरं वर्ष संपलंय, ९८ क्रेडिटं हातात आहेत, एक कोअर विषय (शाखेचा सक्तीचा विषय) बॅकलॉग म्हणून राहिलाय. जुन्या विद्यार्थ्यांना "हवं तर नव्या पॅटर्नमध्ये या" अशी मुभा आहे. मित्रमंडळी म्हणतात, ८ क्रेडिटं आयती वाचतायत, डोळे झाकून जा. तर जावं का?

माझं उत्तर: जाऊ नकोस. तू दोन्ही पॅटर्नचे तक्ते आणि तुझा हिशेब दिलास म्हणून इतकं ठाम सांगता येतंय. गेली ११ वर्षं एका विभागात शेवटच्या वर्षाच्या मुलांची क्रेडिट तपासणी माझ्याकडे आहे आणि जवळजवळ प्रत्येक बदलाच्या वेळी मुलं एकाच ठिकाणी अडकतात. सगळ्यांची नजर एकूण आकड्यावर असते. पदवी अडते ती मात्र आतल्या खान्यांमुळे. कोअर, इलेक्टिव्ह, सामायिक विषय, मुक्त विषय, प्रोजेक्ट असा प्रत्येक खाना वेगळा भरावा लागतो, आणि एका खान्यातलं जास्तीचं दुसऱ्यात आपोआप सांडत नाही.

आता तुझाच तक्ता घेऊ. जुन्या पॅटर्नमध्ये कोअर ६०, इलेक्टिव्ह २४, सामायिक ३२, मुक्त १२. तुझे झालेत अनुक्रमे ४८, १८, २६ आणि ६. म्हणजे उरले १२, ६, ६ आणि ६. एकूण ३०, आणि हे ३० खरेखुरे ३० आहेत, त्यात काही दडलेलं नाही. ४ क्रेडिटचे तीन कोअर (बॅकलॉगचा धरून) आणि ३ क्रेडिटचे सहा विषय. एका सेमिस्टरला १४, दुसऱ्याला १६. दमछाक होईल, पण होण्यासारखं आहे.

नव्या पॅटर्नमध्ये कोअर ६४, इलेक्टिव्ह २०, सामायिक २४, मुक्त ६, प्रोजेक्ट ६. मित्रांचं गणित म्हणजे १२० वजा ९८, उरले २२. पण खान्यांत मांडून बघ. कोअरमध्ये १६ हवेत, कारण संशोधन पद्धती हा ४ क्रेडिटचा विषय नव्याने आलाय. इलेक्टिव्हमध्ये २ हवेत. प्रोजेक्टचे ६ पूर्ण बाकी. सामायिकमध्ये तुझे २ जास्त झालेत, आणि मुक्त खाना आधीच भरलाय, त्यामुळे ते २ वाऱ्यावर. झाले २४. शिवाय इलेक्टिव्हमध्ये २ क्रेडिटचा विषयच नाही, सगळे ३चे आहेत, म्हणून प्रत्यक्षात २५. बावीसचे पंचवीस इथेच झाले.

तरीही २५ हे ३०पेक्षा कमीच, असं म्हणशील. थांब, खरी गोम पुढे आहे. संशोधन पद्धती फक्त विषम सेमिस्टरला शिकवतात, आणि तो पास झाल्याशिवाय प्रोजेक्टचा पहिला भाग घेता येत नाही. प्रोजेक्ट दोन भागांत, ३ आणि ३. सातव्या सेमिस्टरला संशोधन पद्धती, आठव्याला पहिला भाग, नवव्याला दुसरा. प्रोजेक्ट दर सेमिस्टरला घेता येतो असं धरूनसुद्धा. म्हणजे जुने ३० क्रेडिट दोन सेमिस्टरमध्ये आटपतात आणि नव्या २५ला तीन लागतात. ५ क्रेडिटं वाचवायला अर्धं वर्ष मोजायचं.

हा प्रकार नवा नाही, आणि मी हे शहाणपण पुस्तकातून घेतलेलं नाही. माझ्याच पदवीच्या वेळी पॅटर्न बदलला होता. समकक्ष विषयांचा एक तक्ता सूचनाफलकावर लागला: जुना अमुक विषय म्हणजे नवा अमुक. मी खूश, कारण माझा एक विषय त्यात होता आणि तो परत करावा लागणार नव्हता. जुना विषय ३ क्रेडिटचा, नवा ४चा. समकक्ष म्हटलंय तर ४ धरतील असं मी गृहीत धरलं. कोणाला विचारलंही नाही. शेवटच्या तपासणीत माझ्या नावापुढे ११९ लिहून आलं. एक क्रेडिट कमी. एका क्रेडिटचा विषय तेव्हा कुठल्याच यादीत नव्हता, म्हणून सगळे मित्र बाहेर पडल्यावर मी ३ क्रेडिटच्या एका विषयाला पुढच्या बॅचबरोबर बसले. कार्यालयाने नंतर मान्य केलं की तक्त्यात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. मान्य केल्याने क्रेडिट मिळालं नाही.

तर समकक्ष या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो: तो विषय पुन्हा करावा लागणार नाही. क्रेडिटं जितकी मिळवलीत तितकीच राहतात. अट पुरी झाली आणि क्रेडिटं पुरी झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या राहिलेल्या कोअर विषयाला नव्या पॅटर्नमध्ये कशात विलीन केलंय, ते बघताना हे लक्षात ठेव.

क्रेडिटची पद्धतच बदलते तेव्हा हा घोळ आणखी बारीक होतो. अमेरिकेत काही विद्यापीठं वर्षाचे तीन क्वार्टर सोडून दोन सेमिस्टरवर आली. ओहायो स्टेट २०१२मध्ये आली. तिथे १ सेमिस्टर क्रेडिट म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट, त्यामुळे १८० क्वार्टर क्रेडिटची पदवी १२० सेमिस्टर क्रेडिटची होते. पदवी ना लहान झाली ना मोठी. पण ४ क्वार्टर क्रेडिटच्या विषयाचे होतात २.६७, आणि नवा विषय असतो ३चा. प्रत्येक विषयामागे एक तृतीयांश क्रेडिट कुठेतरी लोंबकळत राहतं. असे तीन विषय झाले की एक अख्खं क्रेडिट कमी पडतं, आणि ते कुठे गेलं हे कोणाला सापडत नाही.

दुसऱ्या देशात पुढे शिकायचा विचार असेल तर एक गोष्ट आताच डोक्यात पक्की कर, क्रेडिट हे एकच माप नाही. युरोपात एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात, त्यात घरचा अभ्यासही आला. ब्रिटनमध्ये १ क्रेडिट म्हणजे १० तास, म्हणून तिथली तीन वर्षांची ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची दिसते. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. थिअरीचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट, प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट. म्हणून १२८चे १२० झाले म्हणजे पदवी हलकी झाली, असं बाहेरचं कोणी समजत नाही. ते विषयांची यादी बघतात. "कमी क्रेडिटच्या पदवीला किंमत राहील का" असंही तू विचारलंस. राहील. भारतात अभियांत्रिकीचा २०१८चा एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) आदर्श अभ्यासक्रम १६० क्रेडिटचा आला, त्याआधी कित्येक ठिकाणी त्याहून बरीच जास्त क्रेडिटं होती. पुढच्या मुलांचं त्याने काही अडलं नाही.

आता जुन्या पॅटर्नमध्ये राहण्याचा धोका. तो आहे, आणि तुझ्या बाबतीत तर नक्की आहे, कारण तो राहिलेला विषय. पॅटर्न बंद होतो तेव्हा आधी वर्ग बंद होतात, मग काही काळ फक्त परीक्षा घेतात, आणि मग तीही थांबते. या तिन्ही तारखा वेगळ्या असतात आणि परिपत्रकात बहुधा तिसरीच ठळक छापलेली असते. तुला हवी आहे पहिली. तो विषय वर्गात शेवटचा कधी शिकवणार? याच सेमिस्टरला असेल तर तो सगळ्यात आधी नोंदव, बाकीचं वेळापत्रक त्याच्याभोवती बसव. आवडीचं इलेक्टिव्ह त्याच वेळेला असेल तर ते सोड. शेवटच्या सेमिस्टरला ठेवलास आणि पुन्हा राहिला तर पुढे शिकवायला कोणी नसेल, स्वतःच वाचून परीक्षा द्यावी लागेल. तसेही पास होतात, मी पाहिलेत, पण फार थोडे.

तुझे दोन-तीन कोअर असे बॅकलॉगमध्ये राहिले असते तर मी उलट सल्ला दिला असता, अर्धं वर्ष गेलं तरी नव्यात जा असं. जुन्या पॅटर्नमध्ये बॅकलॉग घेऊन मागे राहणं म्हणजे शेवटची गाडी पकडायला धावणं. आणि दुसऱ्या वर्षाला असतास तर हा प्रश्नच नव्हता, नव्यात गेलास तरी संशोधन पद्धती वेळेत बसली असती.

एकदा नव्यात गेल्यावर परत येता येतं का, हेही विचारून घे. बहुतेक ठिकाणी येता येत नाही. विद्यापीठंही मधूनच मागे फिरतात, हे वेगळं. दिल्ली विद्यापीठाने २०१३मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०१४च्या जूनमध्ये मागे घेतली. त्या एका बॅचला चार वर्षांसाठी प्रवेश घेऊन तीन वर्षांच्या चौकटीत परतावं लागलं. हाँगकाँगमध्ये २०१२ साली तीन वर्षांच्या जुन्या आणि चार वर्षांच्या नव्या पदवीचे विद्यार्थी एकाच वेळी विद्यापीठात आले. असं कधी वाट्याला आलं तर क्रेडिटांच्या आधी वर्गातली जागा मिळवण्याची धावपळ असते, कारण दोन्ही बॅचना तोच प्राध्यापक, तीच प्रयोगशाळा हवी असते. तुझ्याकडेही इलेक्टिव्हच्या जागा मर्यादित असतील तर नोंदणी उघडते त्या सकाळीच बस.

शिष्यवृत्ती किंवा व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक बघायचं. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून राहायला दर सेमिस्टरला किमान किती क्रेडिटं लागतात? अमेरिकेत पदवीला साधारण १२ धरतात. नव्या पॅटर्नमध्ये उरलेले २५ तीन सेमिस्टरमध्ये पसरले तर एखादं सेमिस्टर १२च्या खाली जाणारच. शेवटच्या सेमिस्टरला काही ठिकाणी सूट असते, मधल्याला नसते. तिथल्या सरकारी आर्थिक मदतीला आणखी एक मर्यादा आहे: पदवीच्या क्रेडिटांच्या दीडपटीपर्यंतच प्रयत्न मोजतात. १२८ला ती १९२ होती, १२०ला १८० होते. विषय सोडून पुन्हा घेतलेल्यांना ते १२ क्रेडिट जड जाऊ शकतात. तुझा तो प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाचा असेल.

कार्यालयाशी बोलताना "मॅडम, माझं काय होईल?" असं विचारू नकोस. त्याला "होईल हो" हेच उत्तर मिळतं. ईमेल कर, आणि त्यात हो किंवा नाही म्हणता येईल असं विचार. साधारण असं:

"माझा प्रवेश १२८ क्रेडिटच्या पॅटर्नचा आहे. मी त्याच पॅटर्नमध्ये राहत आहे. माझे उरलेले ३० क्रेडिट सोबतच्या तक्त्याप्रमाणे आहेत. हे नऊ विषय पूर्ण झाल्यावर पदवीची कोणतीही अट बाकी राहणार नाही, हे बरोबर आहे का? राहिलेल्या कोअर विषयाचे वर्ग शेवटचे कोणत्या सेमिस्टरला होतील?"

दोन प्रश्न, त्याहून जास्त नको. उत्तर आलं की ते जपून ठेव, ट्रान्सक्रिप्टची आजची प्रतही. सल्लागार प्राध्यापक बदलतात, कार्यालयातला माणूस बदलतो, वेबसाइटवरचं परिपत्रक तर सर्रास गायब होतं. प्रवेशाच्या वर्षाचा अभ्यासक्रम तुझ्याकडे पीडीएफमध्ये नसेल तर आजच उतरवून घे. आणि झालेल्या प्रत्येक विषयाचा पूर्ण पाठ्यक्रम, नुसतं नाव नव्हे. पुढे कुठेही समकक्षता मागशील तेव्हा नावावरून कोणी देत नाही, आठवड्यागणिक काय शिकलास ते बघतात.

एवढं वाचूनही नव्यातच जायचं ठरवलंस तर जाण्याआधी एक अर्ज दे: सामायिक खान्यातला तो २ क्रेडिटचा जास्तीचा विषय इलेक्टिव्हमध्ये धरावा. विषयाचा आशय तुझ्या शाखेच्या जवळचा असेल तर असे अर्ज मंजूर होतात. एकच विषय, एकच मागणी, सोबत पाठ्यक्रम. तो मंजूर झाला तर इलेक्टिव्ह पुरं होईल आणि २५चे २२ होतील, मित्रांचा आकडा खरा ठरेल. सेमिस्टर मात्र तीनच लागतील, कारण ती गाठ संशोधन पद्धतीची आहे. ती सोडवायला पूर्वअट शिथिल करून मागावी लागेल, म्हणजे संशोधन पद्धती आणि प्रोजेक्टचा पहिला भाग एकाच सेमिस्टरला. त्यासाठी आधी गाइड राजी हवा, आणि ज्याला संशोधन पद्धतीच येत नाही अशा विद्यार्थ्याला घ्यायला गाइड सहसा राजी नसतात. त्यात त्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही.

कार्यालयाकडून वर्गांची तारीख आली की कळव. ती याच सेमिस्टरची निघाली तर नोंदणीला किती दिवस उरलेत तेही लिही, मग १४-१६ची वाटणी बदलावी लागेल का ते बघू.